पान ११२, रकाना सहा

मी, प्रसूतिगृहातील निवृत्त परिचारिका, वय ७१ वर्षे, सध्या कामधंदा काही नाही, राहणार प्रसूतिगृहामागची दुसरी गल्ली, शिंप्याच्या दुकानावरचा मजला. जन्मनोंद वहीच्या पान ११२ बाबत जी चौकशी चालू आहे त्यात बोलावणे आल्यावरून आज सकाळी अकरा वाजता ठाण्यात स्वतः हजर झाले असून तपास अधिकाऱ्यांनी विचारल्यावरून सांगते ते येणेप्रमाणे.

वरील पत्त्यावर मी, मुलगा, सून आणि नात असे चौघे राहतो. यजमान वारले त्याला नऊ वर्षे झाली. मुलगा पाणीपुरवठा कार्यालयात मीटर तपासनीस आहे. सून सरकारी शाळेत बावीस वर्षे गणित शिकवते. नातीला अठरा पूर्ण झाली, यंदा तिचे पहिलेच मतदान आहे. माझी स्वतःची वंशनोंद मूळचे अशी आहे. ती विचारली म्हणून सांगितली.

मी प्रसूतिगृहात छत्तीस वर्षे नोकरी केली. त्यातली पहिली बारा वर्षे जन्मनोंद वही माझ्याकडे होती. वही लांबट, जाड पुठ्ठ्याची, पानाला सोळा ओळी. रकाने सात. तारीख, वेळ, मुलगा की मुलगी, वजन, आईवडिलांचे नाव, वंश, शेरा. महिना संपला की पान अर्धे असले तरी सोडून नवीन पान सुरू करायचे, असा नियम होता.

रकाना सहा वंशाचा. त्यात दोनच शब्द येत, मूळचे किंवा पलीकडचे. बाळाचा वंश आईवरून लिहायचा. पलीकडचे म्हणजे ज्यांचे आजे-पणजे नदीपलीकडून धरणाच्या कामावर आले आणि इथेच राहिले ते लोक. त्यांची भाषा वेगळी आहे. बाकी काही वेगळे मला छत्तीस वर्षांत दिसले नाही. हे वाक्य चौकशीला गरजेचे नाही, असे तपास अधिकारी म्हणाले. राहू द्या, असे मी म्हटले. राहू दिले आहे.

त्या काळी या रकान्याला कोणी विचारत नव्हते. लग्नाच्या यादीत एखादा दूरचा काका असतो, नाव घालावे लागते, आला की नाही हे कोणी बघत नाही, तसा तो रकाना होता. फक्त रिकामा राहिला तर मुख्य कार्यालयातून पान परत येई आणि आमच्या वरिष्ठ बाई सगळ्यांसमोर बोलत.

दोन वर्षांपूर्वी वंशनोंदीचा कायदा झाला, तेव्हापासून जुन्या वह्यांना किंमत आली. या कायद्याने पलीकडच्यांना सरकारी नोकरी नाही आणि मतदान नाही. आई पलीकडची असेल तर मुलांनाही नाही. हा कायदा ज्यांनी सभागृहात मांडला तेच यंदा देशाच्या सर्वोच्च पदाचे उमेदवार आहेत. त्यांचा जन्म आमच्याच प्रसूतिगृहात चव्वेचाळीस वर्षांपूर्वी झाला. पान ११२, ओळ चार. माझ्या सुनेचा जन्म त्याच महिन्यातला. पान ११२, ओळ अकरा. यात योगायोग काही नाही. गावात प्रसूतिगृह एकच होते, त्यांच्या वयाच्या निम्म्या गावाला मी उलटे धरून रडवले आहे. सुनेचे वजन अडीच किलो भरले होते. मुलाचे लग्न ठरले तेव्हा मी सर्वांना सांगितले होते की मुलगी बघायला जायची मला गरज नाही, मी तिला कपडे घालायच्याही आधी पाहिली आहे. तेव्हा सगळे हसले होते.

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला विरोधी पक्षाच्या वर्तमानपत्रात पान ११२ चा फोटो छापून आला. रकाना सहामध्ये पहिल्या ओळीत मूळचे हा शब्द आहे आणि खाली प्रत्येक ओळीत वरच्यासारखेच या अर्थाच्या दोन छोट्या रेघा आहेत. आम्ही त्याला डिट्टो म्हणत असू. उमेदवारांची आई खरे तर पलीकडची होती आणि ही नोंद मुद्दाम खोटी केली, असे बातमीत म्हटले होते. मथळा मोठ्या अक्षरात होता. दोन रेघांचा देशभक्त. खाली बारीक अक्षरात, नोंद करणारी परिचारिका हयात असल्याचे लिहिले होते. हयात हा शब्द शिंप्याने जिन्यावरून ओरडून वाचून दाखवला, तेव्हा मला कळले.

अकरा तारखेला दुपारी चार वाजता उमेदवारांच्या पक्षाचे एक गृहस्थ घरी आले. नाव सांगितले नाही. सोनेरी काडीचा चष्मा होता. सोबत फळांची करंडी आणली होती. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही देशाचा इतिहास लिहिला आहे." मी म्हटले, "मी वजन लिहायचे." ते म्हणाले, "प्रत्येक आईला विचारून लिहिलंत, एवढंच सांगायचं. खरं तेच तर सांगायचंय." करंडी परत नेली नाही.

बारा तारखेला सकाळी दहा वाजता विरोधी पक्षाचे दोघे आले. त्यांनी फळे आणली नव्हती. त्यातला एक म्हणाला, "वरून दबाव होता, असं सांगा. घाबरू नका, आम्ही पाठीशी आहोत." मी विचारले, चार दिवसांच्या पोरासाठी कोण दबाव आणेल? ते म्हणाले, "मावशी, हे लोक पाळण्यातच लबाड असतात." हे लोक म्हणजे कोण, असे मी विचारले नाही. सून आतल्या खोलीत वह्या तपासत होती. दार उघडे होते.

त्याच दिवशी घरात जे बोलणे झाले ते विचारल्यावरून सांगते. मुलगा म्हणाला, "आई, विचारून लिहिलं म्हण आणि मोकळी हो. पान खरं ठरलं की चौथी ओळही खरी आणि अकरावीही खरी. त्या माणसाचं भलं झालं तर होऊ दे, आपलं होतंय ना?" सून म्हणाली, "त्यांना जे आठवतंय ते सांगू दे." मुलगा म्हणाला, "तिच्या आठवणीवर तुझी नोकरी आहे." सून म्हणाली, "मग बावीस वर्षं मी हवेतच शिकवत होते म्हणायचं." मुलगा वर्तमानपत्र आपटून म्हणाला, "आरोप तरी काय आहे बघा. चोरीचा नाही, लाच खाल्ल्याचा नाही. आईचा! एक पक्ष म्हणतो त्याची आई तसली होती, दुसरा म्हणतो नव्हती हो, देवाशपथ नव्हती. तसली असली तर काय, हे विचारणारा एक तरी पक्ष आहे का?" नात म्हणाली, "बाबा, हळू. खाली शिंपीकाका ऐकतात." मुलगा नंतर हळू बोलला. जेवण वेळेवर झाले.

आता मूळ मुद्दा. पान ११२ वरील रकाना सहा कसा भरला, असे मला आज तपास अधिकाऱ्यांनी विचारले. त्यावर मी सांगते की, सदर पानावरील प्रत्येक बाळाच्या आईला मी स्वतः तिचा वंश विचारला आणि तिने सांगितल्याप्रमाणे नोंद केली. सर्वच आया मूळच्या असल्याने पुन्हापुन्हा शब्द न लिहिता रेघा दिल्या. नोंदीत चूक नाही.

यानंतर तपास अधिकाऱ्यांनी कपाटातून मूळ वही काढून माझ्यासमोर ठेवली. वर्तमानपत्रातल्या फोटोत पानाचा खालचा भाग आलेला नव्हता, त्यामुळे तो मी चव्वेचाळीस वर्षांत प्रथमच पाहिला. चौदा ओळींत चौदा बाळे आहेत. त्या महिन्यात तेवढीच झाली. पंधरा आणि सोळा या ओळी कोऱ्या आहेत. तारीख नाही, वजन नाही, नाव नाही. रकाना सहामध्ये मात्र दोन्ही ओळींत रेघा आहेत.

अधिकारी म्हणाले, "बाई, पंधराव्या ओळीत कोण जन्मलं?"

मी म्हटले, "कोणी नाही."

"सोळाव्या?"

"कोणी नाही."

"मग हे दोघं मूळचे कसे?"

लिहून घेणारे हवालदार हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पाणी आणून दिले. मी पाणी प्यायले.

आता मी सांगते की वरील नोंदीत चूक नाही असे जे मी सांगितले ते खोटे आहे. ते खोडावे अशी मी विनंती केली. जबाबातले खोडता येत नाही, खाली दुरुस्ती लिहिता येते, असे सांगण्यात आले. ती दुरुस्ती अशी. नवीन पान उघडले की पहिल्या बाळाच्या आईला मी विचारायचे आणि तिचा शब्द पहिल्या ओळीत लिहायचे. मग लगेच, त्याच बैठकीत, तळापर्यंत सर्व ओळींना रेघा देऊन टाकायचे. रात्रंदिवस मिळून आम्ही दोघीच होतो. बाळंतिणीकडे बघायचे, बाळाला बघायचे, आणि वही एका हाताने लिहायची, कारण दुसऱ्या हातात बहुतेक वेळा कोणीतरी असे. जे भरून ठेवता येते ते आधी भरून ठेवायचे, म्हणजे ऐन वेळी फक्त वेळ आणि वजन लिहिले की झाले. मला हे आधीच्या सिस्टरनी शिकवले. मी माझ्यानंतरच्या मुलीला शिकवले. मला कोणी सांगितले नव्हते, दबाव आणला नव्हता, काही दिले नव्हते.

अधिकारी म्हणाले, "म्हणजे बाळ जन्मायच्या आधीच त्याचा वंश ठरलेला?"

मी म्हटले, "रकाना भरलेला. ठरलेलं काही नाही."

ते म्हणाले, "आता कायद्याने दोन्ही एकच आहे."

एखादी आई पलीकडची निघाली तर रेघा खोडून शब्द लिहायची पद्धत होती का, असे विचारले. होती. महिनाअखेर सवड मिळाली आणि लक्षात राहिले तर लिहायचे. पान ११२ च्या महिन्यात माझी जोडीदारीण आजारी होती. मी एकटीच होते. त्या पानावर एकही दुरुस्ती नाही. बाकीच्या पानांवर आहेत का, हे मला आज आठवत नाही. वह्या चार आहेत, पाने चारशेच्या वर. बाकीच्याही मागवाव्या लागतील, असे अधिकारी हवालदारांना म्हणाले. हवालदारांनी कपाळाला हात लावला.

त्यानंतर उमेदवारांच्या आईचा वंश कोणता, असे विचारले. मला माहीत नाही असे सांगितले. अधिकारी म्हणाले, "इतक्या बायका पाहिल्यात. कळत असेलच की." यावर सांगते की, कळत असे. कागद न बघता कळत असे. कळा वाढल्या की बाई ज्या भाषेत वाढली त्या भाषेत ओरडते. बाहेर कितीही सफाईने दुसरी भाषा बोलत असो, तेव्हा ती गळून पडते. शिव्याही त्याच भाषेत देतात, बहुधा नवऱ्याला. पण उमेदवारांची आई ओरडली नाही. तीन तासांत तिने तोंडातून शब्द काढला नाही. कपड्याचा बोळा दातांत धरला होता. पाणी हवे होते तेही हाताने खुणावून मागितले. नंतर घरी जाईपर्यंत जे काही बोलायचे ते नवराच बोलला.

"मुकी होती का?" असे विचारले.

मी म्हटले, "नाही. काही बायका अशा असतात. काहींना तसं राहायला बजावलेलं असतं."

"ही कोणती?"

"माहीत नाही."

हे सांगून झाल्यावर अधिकाऱ्यांनी मला पुढील नियम समजावून सांगितला. माझ्या दुरुस्तीमुळे ओळ दोन ते चौदा या तेरा नोंदी अनिर्णित झाल्या आहेत. त्या तेरा जणांना नोटिसा जातील. प्रत्येकाने तीस दिवसांत आपल्या आईच्या वंशाबद्दल तिच्या माहेरचा किंवा जन्मावेळी हजर असलेला साक्षीदार द्यायचा. निर्णय होईपर्यंत अनिर्णित माणूस पलीकडचा धरला जातो. उमेदवारांच्या मामांचे प्रतिज्ञापत्र मागच्याच आठवड्यात दाखल झाले आहे, त्यामुळे ओळ चारचा प्रश्न संध्याकाळपर्यंत मिटेल.

मी विचारले, "आणि अकराचा?"

अधिकाऱ्यांनी विचारले, अकराच्या बाजूने कोण आहे? मी सांगितले की सुनेची आई सून दोन वर्षांची असताना गेली. वडील आणि जिने वाढवले ती आत्या, दोघेही आता नाहीत. आईच्या माहेरचे कोणी कधी आले-गेले नाही. सुनेला आईचा चेहरा फोटोमुळे माहीत आहे. आवाज आठवत नाही.

"मग जन्मावेळी हजर असलेलं कोण?"

मी म्हटले, "मी."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले. ते म्हणाले, "सिस्टर, अर्ध्या तासापूर्वी हे सांगितलं असतं तर एका ओळीत काम झालं असतं." मी म्हटले की मी आत्ता सांगते, ओळ अकराची आई मूळची होती. त्यांनी ते साक्ष म्हणून धरले नाही. ज्या साक्षीदाराने याच जबाबात एकदा खोटे सांगितले आहे त्याचे म्हणणे नातलगाच्या बाजूचे असेल तर धरता येत नाही, विरुद्ध असेल तर धरता येते, असा नियम त्यांनी मला पुस्तकातून वाचून दाखवला. मी तो दोनदा वाचायला लावला. दोन्ही वेळा तसाच होता. मी ज्या कारणासाठी खोटे बोलले ते कारण लिहून घ्यावे, असे म्हटले. कारणाला रकाना नाही, असे सांगितले गेले.

मग पुढील प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे मी दिली आहेत किंवा दिलेली नाहीत ती अशी.

ओळ अकराची बाळंतीण किती वेळ कळा देत होती? अकरा तास.

तिच्याजवळ कोण होते? मी. मी एकटीच होते. तिने माझे मनगट धरले होते. ते पुढे आठवडाभर काळेनिळे होते.

ती ओरडली का? ओरडली.

काय ओरडली? आईला हाक मारत होती. बहुतेक वेळ आईलाच मारत होती.

कोणत्या शब्दाने?

या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर दिले नाही. आठवत नाही असे म्हणायचे आहे का, असे हवालदारांनी हळूच विचारले. मी होय म्हणणार होते. तेवढ्यात अधिकारी म्हणाले की मनगट आठवते, अकरा तास आठवतात, मग हे न आठवणे दुसरे खोटे धरले जाईल. हवालदारांनी उत्तर नाही असे लिहिले आहे. उत्तर नाही याचा अर्थ काय लावायचा ते वरचे कार्यालय ठरवेल.

दुपारी दोन वाजता अधिकाऱ्यांनी विचारले की ओळ अकरा, म्हणजे माझी सून, नोटीस घ्यायला कधी येऊ शकेल. ती मला घेऊन आली आहे, बाहेर बाकावर बसली आहे, असे मी सांगितले. तिला आत बोलावले. तिच्या हातात सहामाहीच्या उत्तरपत्रिका होत्या. तिने नोटीस पूर्ण वाचली. शाळेत उद्यापासून यायचे की नाही, असे विचारले. उद्यापासून नाही, असे सांगितले. "उत्तरपत्रिका तपासून देऊ ना?" असे तिने विचारले. त्याबद्दल नियम नाही, असे अधिकारी म्हणाले. तिने पोच म्हणून सही केली. मुलीच्या मतदानाचे विचारले. मुलीलाही वेगळी नोटीस येईल, असे सांगितले.

सुनेने नोटिशीसोबत माझ्या जबाबाचा शेवटचा भागही वाचला, कारण तो टेबलावर तिच्याकडे तोंड करून होता. मग अधिकाऱ्यांकडे न बघता तिने मला विचारले, "आई, ती काय म्हणून हाक मारत होती?"

मी म्हटले, "इथं नको. घरी सांगते."

हवालदारांनी लिहायचे थांबवले होते. अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरून त्यांनी तिचा प्रश्न आणि माझे हे उत्तर दोन्ही लिहून घेतले आहे.

येणेप्रमाणे सर्व जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सून समोर उभी होती. खोटा भाग, त्याची दुरुस्ती आणि जिथे उत्तर नाही ती जागा, हे सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे, म्हणून खाली सही करते.

सही
(निवृत्त परिचारिका)

समक्ष
तपास अधिकारी
वेळ दुपारी २ वाजून ४० मिनिटे